डोळ्यांची जीन थेरपी आणि तिची सेफ्टी

डोळ्यांच्या जीन थेरपीत पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या पेशींत जो जीन बिघडलाय त्याची चांगली कॉपी नेऊन सोडतात, आणि ती वाहून नेणारा हमाल असतो व्हायरस. भीती असते ती या हमालाचीच. 1999 मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा लिव्हरच्या आजारावरच्या जीन थेरपीच्या ट्रायलमध्ये गेला, शरीराने जीन वाहून नेणाऱ्या अडेनोव्हायरसवर इतकी जोरात रिअ‍ॅक्शन दिली की तो वाचला नाही, आणि ते सगळ्यांच्याच मनात बसलं.

त्या मानाने डोळा सोयीचा. जागा छोटी, बंदिस्त, डोस थोडासाच लागतो, इम्युनिटी तिथे जरा सबुरीने घेते, आणि पडद्याच्या पेशी वाढून विभागत नाहीत म्हणून एकदा घातलेला जीन टिकतो. हमालही बदलला, आता बहुतेक वेळा एएव्ही नावाचा व्हायरस वापरतात, जो माणसाला आजारी पाडतो असं माहीत नाही.

2017 च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालेलं लक्सटर्ना हे यातलं पहिलं औषध, आरपीई65 जीन बिघडून लहानपणापासूनच नजर जाते त्यांच्यासाठी. आधी ते जन्मांध ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांवर करून पाहिलं होतं. ऑपरेशनमध्ये बारीक सुईने पडद्याच्या मागे फक्त 0.3 मिली, म्हणजे पाच-सहा थेंब सोडतात, तिथे पाण्याचा फुगा येतो आणि तो हळूहळू जिरतो. तीन दिवस आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात, आणि दोन डोळ्यांत किमान 6 दिवसांचं अंतर ठेवतात, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण काही बिघडलंच तर दुसरा डोळा हातात राहतो. मोठ्या ट्रायलमध्ये 20 पैकी 13 जण 1 लक्स एवढ्या अंधुक उजेडात अडथळे चुकवत, जमिनीवरचे बाण बघत चालून गेले, आधी त्यांना तेवढ्या उजेडात ते जमत नव्हतं!

पण धोका संपलेला नाही. मोतीबिंदू, पडद्याला छिद्र, डोळ्याचं प्रेशर वाढणं हे होतं, आणि काहींच्या पडद्यावर नंतर पेशी मेल्याचे डाग दिसलेत. 2021 मध्ये डायबेटिसवाल्यांच्या पडद्याच्या सुजेवर डोळ्याच्या आतल्या जेलीत इंजेक्शन देणाऱ्या दुसऱ्या एका जीन थेरपीच्या ट्रायलमध्ये जास्त डोसने काहींना आत जबर सूज आली, डोळ्याचं प्रेशर एकदम पडलं, एकाची तर त्या डोळ्याची नजर गेली, आणि कंपनीला डायबेटिससाठीचं काम थांबवावं लागलं. वयामुळे पडदा झिजतो त्या आजारासाठी मात्र तेच औषध पुढे नेलं, पण डोस बराच खाली आणून.