झूम करणं आणि जवळ जाणं

सिंहगडावर कड्याशी दही विकायला बसलेल्या एका मावशींचा फोटो काढायचा होता. पुढ्यात दह्याची मडकी, मागे दूर खाली खडकवासल्याचं पाणी. त्यांना विचारून सहा फुटांवरून फोटो काढला. मावशी छान आल्या, पण पाणी म्हणजे त्यांच्या डोक्यावर ओढलेली एक चकाकती रेघ. डोळ्यांना तर ते केवढं दिसत होतं! मग तीस फूट मागे गेले आणि फोनवर पाचपट झूम लावला. मावशी तेवढ्याच, पण पाणी पाचपट मोठं होऊन त्यांच्या खांद्यांमागे पसरलेलं.

झूम आणि जवळ जाणं, दोन्हींनी समोरची वस्तू मोठी होते, म्हणून आपण ती एकच समजतो. पण एका जागी उभं राहून झूम केलं की फक्त दृश्याचा मधला तुकडा मोठा होतो. सगळ्या वस्तू सारख्याच प्रमाणात वाढतात, आणि मावशींच्या पदराआड दरीतलं झाड लपलेलं असेल तर ते लपलेलंच राहतं. पाऊल टाकलं की मात्र वस्तूंची आपापसातली मापं बदलतात. सहा फुटांवरून तीस फुटांवर गेल्याने मावशी पाचपट लहान दिसल्या. पाणी कित्येक किलोमीटर लांब, त्याला माझ्या चोवीस फुटांनी काय फरक पडणार? ते होतं तेवढंच राहिलं. मग झूमने दोघांनाही पाचपट केलं. मागचं पुढचं नातं माझ्या पायांनी ठरवलं, झूमने फक्त चौकट आवळली.

म्हणूनच ‘झूम कशाला, पायांनी जवळ जा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला अर्धाच पटतो. फोनमध्ये दूरचं मोठं दाखवणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर त्यात तथ्य आहे, कारण मग झूम म्हणजे नुसता मधला तुकडा कापून ताणणं: बारा मेगापिक्सेलचा फोटो दुप्पट झूमसाठी कापला की खरे तीनच उरतात. पण जवळ गेल्यावर वेगळाच फोटो मिळतो. सगळ्यात जास्त फटका चेहऱ्यांना बसतो. नाकाचं टोक आणि कान यांत साधारण पाच इंचांचं अंतर असतं. फोन नाकापासून एक फुटावर धरला तर कान नाकाच्या जवळजवळ दीडपट लांब पडतात, म्हणून नाक फुगलेलं आणि कान मागे ओढलेले दिसतात. पाच फुटांवरून कान नाकापेक्षा जेमतेम बाराव्या हिश्श्याने लांब असतात. घरातल्या आजीचा फोटो काढताना कृपा करून तिच्या तोंडाशी फोन नेऊ नका. चार-पाच पावलं मागे व्हा आणि मग झूम करा. नाकाचा दोष तिचा नसतो, आपल्या जागेचा असतो.

हे डोळ्यांत भिनायला फोन लागतच नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर तांब्या असतो आणि त्याच्या चार फूट मागे गजांची खिडकी. चहा उकळेपर्यंत मी एक डोळा मिटून तांब्याकडे बघते. एका फुटावरून त्याच्याआड पाच गज झाकले जातात. हळूहळू मागे सरकत चार फुटांवर आले की दोनच. तांब्या तोच, खिडकी तीच. एक डोळा मिटायचा कारण कॅमेऱ्यालाही एकच असतो. दोन डोळ्यांनी आपल्याला काय पुढे आणि काय मागे ते कळतं, आणि तांब्याच्या तोंडातून गज उगवल्यासारखा दिसतोय हे लक्षातच येत नाही. फोटोत माणसांच्या डोक्यातून विजेचे खांब उगवतात ते याचमुळे. तिथे झूम काहीच करू शकत नाही, खांबही तेवढाच मोठा होतो. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की तो बाजूला होतो.

परवा पुन्हा गडावर गेले. फोन पर्समध्येच ठेवला, एक डोळा मिटला आणि पाणी खांद्यांपर्यंत येईतो मागे मागे गेले. मावशी तोवर माझ्यासाठी दही काढून बसल्या होत्या.