विलापस्तोत्रे

विलापस्तोत्रे : बायबलमधील स्तोत्रसंहितेत असलेली गाऱ्हाण्याची स्तोत्रे, आणि आयुष्याचा अर्थ लागेनासा झाला की ती धरून प्रार्थना करण्याची यहुदी व ख्रिस्ती रीत. एकूण १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे या प्रकारात मोडतात. आजारपण, खोटा आळ, जवळच्या मित्राने केलेला घात, लढाईतला पराभव आणि सगळ्यांत जड म्हणजे देवाचे मौन, हे त्यांचे विषय. घडले त्याचे कारण कळले नाही तरी देवाशी बोलणे तोडायचे नाही, एवढाच भरवशाचा अर्थ ही स्तोत्रे धरतात. म्हणून तक्रार हा इथे विश्वासाचा भाग आहे.

स्तोत्रांचे प्रकार पाडण्याचे काम जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी केले. एका व्यक्तीचा विलाप (स्तोत्र ३, १३, २२, ८८) आणि सबंध समाजाचा विलाप (४४, ७४, ८०) असे दोन गट त्यांच्यापासून रूढ आहेत. यिर्मयाच्या ग्रंथानंतर येणारे ‘विलापगीत’ हे वेगळे पुस्तक. यरुशलेमच्या पाडावावरच्या त्यातल्या पाच कवितांपैकी पहिल्या चार हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेल्या आहेत.

रचना. नमुना म्हणून १३वे स्तोत्र घ्यावे. फक्त सहा ओव्यांचे (वचनांचे) असल्याने सगळे भाग एका दृष्टीत येतात. सुरुवात थेट हाकेने होते, आणि ‘कोठवर’ हा प्रश्न पहिल्या दोन ओव्यांत मूळ हिब्रूत चार वेळा येतो. तक्रारीला तीन तोंडे आहेत. देवाकडे : तू मला विसरलास, तोंड लपवलेस. स्वतःकडे : मनातल्या मनात किती घोळत राहू? वैऱ्याकडे : तो किती दिवस माझ्यावर चढून बसणार? बायबलचे अभ्यासक क्लाउस वेस्टरमान यांनी दाखवून दिले की ही तीन तोंडे बहुतेक विलापस्तोत्रांत सापडतात. तिसऱ्या ओवीत मागणे येते, तेही तीन नेमक्या क्रियापदांत : पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. पाचव्या ओवीत वळण येते. हिब्रू शब्द ‘वआनी’, म्हणजे ‘मी तर’ किंवा ‘पण मी’. त्यापुढचे क्रियापद ‘बाताख’ या धातूचे आहे. आपला भार कुणावर तरी टाकून निर्धास्त होणे हा त्याचा अर्थ, आणि मराठी बायबलमधला ‘भरवसा’ हा शब्द त्याला चपखल बसतो. शेवटच्या ओवीत गाण्याचा निश्चय.

चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काय घडले, हे स्तोत्र सांगत नाही. अभ्यासक योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे मांडले की या जागी मंदिरातला याजक (पुरोहित) ‘भिऊ नको’ असे देवाच्या वतीने सांगत असावा. अनेकांना हे पटते, पण स्तोत्रांत तसे वचन क्वचितच लिहिलेले आहे. वाचणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की परिस्थिती बदलल्याची एकही खूण नसताना ‘पण’ उच्चारला जातो.

वळण न येणारे स्तोत्र. ८८वे स्तोत्र मात्र वळत नाही. प्रार्थना करणारा तीनदा हाक मारतो, रात्रंदिवस, दररोज, सकाळी. आणि हिब्रू मजकुराचा शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे. तरीही ते संग्रहात ठेवले गेले. दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या रोमन कॅथलिक ‘तासांच्या प्रार्थने’त दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी ते म्हणतात. ज्याच्या तोंडून आज ‘पण’ निघत नाही त्याचीही प्रार्थना मंडळीची (चर्चची) प्रार्थना धरली जाते, हे या एका नेमणुकीने ठरते. स्तोत्रसंहितेतली ही सर्वांत करुणामय गोष्ट म्हणावी लागेल.

प्रार्थनेची रीत. एकच स्तोत्र निवडून ते आठवडाभर रोज मोठ्याने वाचावे. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. नवख्याने १३, ४२–४३ किंवा ७७ घ्यावे. तक्रारीच्या ओवीवर थांबून आपले गाऱ्हाणे स्वतःच्या शब्दांत घालावे, आणि ते ठोस असावे. ‘मन अस्वस्थ आहे’ असे मोघम बोलण्यापेक्षा ‘तीन मुलाखती झाल्या, एकीकडूनही फोन नाही, आणि तू गप्प आहेस’ हे स्तोत्राच्या जास्त जवळचे. मागणे एकच ठेवावे. ‘पण’पाशी आले की आपल्याला खरोखर आठवते ती देवाची एखादी जुनी कृपा म्हणावी, ७७व्या स्तोत्रात कवी नेमके हेच करतो, तांबड्या समुद्राची वाट आठवतो. काहीच आठवत नसेल तर ओवी नुसती वाचून थांबावे. जुन्या लॅटिन क्रमानुसार छापलेल्या पुस्तकांत १३वे स्तोत्र १२व्या क्रमांकावर मिळते, हे ध्यानात असू द्यावे.

प्रार्थनेत मन न लागण्याच्या, कोरडेपणाच्या काळासाठी जेज्विट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेचे जे नियम घालून दिले (पोपची मान्यता १५४८), त्यांतले दोन इथे फार उपयोगी पडतात. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि प्रार्थनेचा ठरलेला तास नकोसा वाटू लागला तर तो पुरा करून वर थोडे जास्त बसावे.

कुठे बिघडते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ‘पण’कडे घाईने उडी मारणे. तक्रार दोन वाक्यांत उरकली की ती आत साचते आणि पुढे देवाचे नाव नकोसे होते. दुसरी चूक दुसऱ्याच्या दुःखात होते. मयताच्या घरी रोमकरांस पत्रातले आठव्या अध्यायाचे २८वे वचन, देव सर्व काही कल्याणासाठी घडवतो हे, पट्टीसारखे लावले जाते. त्याच अध्यायात दोनच ओव्या आधी लिहिले आहे की काय मागावे हे आपल्याला कळत नाही आणि पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. आधी ते वाचावे. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ठीक होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि बिघडले. शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, हे मित्र नव्हेत. ‘कुणाचे पाप?’ हा शोधही असाच. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि येशूने तो मोडीत काढला (योहान ९:३).

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा संदेश मानून नोकरी-लग्नाचा निर्णय घ्यायचा, ही सवयही घातक. संदर्भ तुटलेले वचन आपलीच भीती किंवा इच्छा परत ऐकवते. देवाविषयी इतरांजवळ कुरकुर करणे आणि देवाजवळच गाऱ्हाणे मांडणे यांतही अंतर आहे. रानात इस्राएल लोकांनी पहिले केले, स्तोत्रकर्ते दुसरे करतात. आणि झोप, भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर लगेच डॉक्टरही हवा. त्याने विश्वास उणा होत नाही.

मराठी मंडळींत. देवाशी भांडण्याची भाषा मराठीत संतांनी आधीच तयार केली होती. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाला हक्काने जाब विचारतात. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या पदांतली आर्त हाक त्या पुलाची साक्ष देते. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.

गुड फ्रायडेला अनेक मंडळ्यांत दुपारी १२ ते ३ उपासना होते आणि येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन केले जाते. चौथा उद्गार, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. त्या वेळी हे स्तोत्र पूर्ण, ३१ ओव्या, संथपणे वाचावे. वळण २१व्या ओवीपाशी येते. तिथवर पोचायला लागतो तेवढा वेळ लागू द्यावा.