लाइडेनफ्रॉस्ट परिणाम

उत्कलनबिंदूपेक्षा पुष्कळच अधिक तापलेल्या पृष्ठभागावर द्रवाचा थेंब पडला, की तो स्वतःच्याच वाफेच्या पातळ थरावर तरंगत राहतो व एकदम उकळून न जाता सावकाश आटतो. या आविष्काराला लाइडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात.

घावन किंवा आंबोळी घालण्यापूर्वी तव्यावर पाण्याचा शिपका मारून तो तापला की नाही हे पाहतात. तवा 100° से.च्या थोडाच वर असेल, तर पाणी पसरते, चुर्र आवाज होतो आणि ओल बघताबघता नाहीशी होते. तवा फार तापला असेल, तर मात्र आवाज जवळजवळ होतच नाही. पाण्याचे गोल मणी बनतात, ते सैरावैरा धावतात, एकमेकांना भेटले की एक होतात आणि त्यांतील एखादा मिनिटभरही टिकतो. तवा जास्त तापल्यावर पाणी जास्त वेळ टिकावे, हेच यातील कोडे आहे. तापल्या लोखंडावर पाण्याचे नावही उरत नाही आणि कमळाच्या पानावर तोच थेंब मोत्यासारखा दिसतो, हा दृष्टांत प्रसिद्ध आहे. पण लोखंड पुरेसे तापवले, तर मोती त्याच्यावरही दिसतो.

याचे कारण थेंबाच्या तळाशी आहे. थेंब टेकताक्षणी त्याच्या तळाच्या थोड्याशा पाण्याची वाफ होते आणि तिचा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड थर थेंबाला वर उचलून धरतो. वाफेची उष्णतासंवाहकता पाण्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकीच असल्यामुळे तव्याची उष्णता थेंबापर्यंत मंद गतीने पोहोचते. वाफ कडेने सतत निसटत असते, परंतु तळाचे पाणी तितकीच नवी वाफ पुरवत राहते. धातूला स्पर्श नसल्याने घर्षणही नाममात्र उरते, म्हणून तव्याच्या किंचित उताराने किंवा वाफेच्या झोताने थेंब घरंगळतो. पाण्याच्या बाबतीत हे साधारण 200° से.च्या आसपास सुरू होते. मात्र पृष्ठभागाचा खडबडीतपणा, स्वच्छता आणि धातू यांनुसार हा आकडा बराच मागेपुढे होतो.

हेर्मान बूरहाव्ह या डच वैद्याने 1732 मध्ये या आविष्काराची नोंद केली होती. त्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीतील डुइसबुर्ग येथील प्राध्यापक व वैद्य योहान गोटलोप लाइडेनफ्रॉस्ट (1715–94) यांनी केला आणि 1756 मध्ये लॅटिन ग्रंथातून तो प्रसिद्ध केला. त्यांची साधने साधी होती: विस्तवात लाल केलेली लोखंडी पळी, पाण्याचा थेंब आणि वेळ मोजायला लंबक. पहिला थेंब 30 सेकंदांहून अधिक टिकला. पळी निवत गेली तसा पुढचा सुमारे 10 सेकंदांतच गेला. पळीमागे मेणबत्ती धरल्यावर थेंब आणि लोखंड यांच्यामधून त्यांना प्रकाशाची रेघ दिसली, आणि मध्ये फट आहे याचा याहून सरळ पुरावा शोधूनही सापडणार नाही.

लोहार तापवलेल्या पोलादाला पाणी देतो तेव्हा याच वाफेची अडचण होते. बुडवलेल्या तुकड्याभोवती प्रथम वाफेचे वेष्टन बनते व तो हवा तितक्या वेगाने निवत नाही. वेष्टन जिथे रेंगाळते तिथे पोलाद मऊ राहू शकते. म्हणून तुकडा पाण्यात हलवत ठेवतात किंवा पाण्यात मीठ घालतात, कारण खाऱ्या पाण्यात हे वेष्टन लवकर फुटते. अणुभट्टीत असे वेष्टन इंधनकांड्यांभोवती बनणे धोक्याचे असते, कारण तेथे उष्णता निर्माण होतच राहते आणि ती पाण्याकडे न गेल्याने कांड्यांचे तापमान झपाट्याने चढते.

पृष्ठभाग आपल्याला तापलेला वाटायलाच हवा असे नाही. द्रवरूप नायट्रोजन −196° से.ला उकळतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने साधी फरशीही भट्टीच ठरते आणि त्याचे सांडलेले थेंब तिच्यावरून मण्यांसारखे पळतात. तळहातावरून ओझरता गेलेला थेंब याच कारणाने सहसा इजा करत नाही. तोच ओंजळीत साठला किंवा कपड्यात मुरला, तर वाफेचा थर टिकत नाही आणि कातडी गोठून भाजल्यासारखी जखम होते.