लिहायला मनाई असलेला सोर्स

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम हवी तर कच्च्या मालासकट घेता येते. कर्नलपासून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापासून, फायलींची यादी दाखवणाऱ्या साध्या 'एलएस' कमांडपर्यंत सगळ्याचा सोर्स कोड '/यूएसआर/एसआरसी' या एकाच झाडाखाली मिळतो. तो कंपाइल करून, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणून, अख्खी सिस्टिम आपली आपण घडवायची. एक मशीन असेल तर ठीक. पाच असली की पाच प्रती उतरवा, पाचही ताज्या ठेवा आणि चौथ्या मशीनवरच वेगळं काहीतरी का होतंय ते शोधत बसा.

त्यापेक्षा सोर्स एकाच सर्व्हरवर ठेवावा आणि बाकीच्यांनी तो एनएफएसने (नेटवर्क फाइल सिस्टिमने) माउंट करावा, म्हणजे आपल्याकडे जोडून घ्यावा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली ही सोय अजून टिकून आहे: दुसऱ्याच्या डिस्कवरचं फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखं दिसतं. ते द्यायचं मात्र रीड-ओन्ली: वाचा, पण लिहू नका. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने 'फक्त एकच' खूण करणारे कमी नसतात, आणि त्यांत मीही आलो.

पहिली ठेच इथेच लागते. कंपायलर 'एलएस.सी' वाचतो आणि 'एलएस.ओ' ही ऑब्जेक्ट फाइल बनवतो. ती ठेवायची कुठे? सवयीने शेजारीच; पण शेजारी लिहायला मनाई. काम जागच्या जागी थांबतं. म्हणून फ्रीबीएसडी ज्या कुळातली, त्या बीएसडीत सोर्सच्या झाडाची सावली पडावी तसं दुसरं झाड असतं, '/यूएसआर/ओबीजे'. '/यूएसआर/एसआरसी/बिन/एलएस' इथल्या सोर्सपासून जे बनेल ते ओबीजेखाली, त्याच मार्गाची नक्कल करून ठेवलेल्या फोल्डरमध्ये जातं. नव्या आवृत्त्यांत या मार्गात प्रोसेसरचं नावही येतं, त्यामुळे एकाच सोर्समधून इंटेल आणि आर्म दोन्हींसाठी बांधणी केली तरी घालमेल होत नाही. बिघडलं तर ओबीजे खुशाल पुसावं, सोर्सला ओरखडाही नसतो.

त्याच कुळातल्या नेटबीएसडीने २००२ च्या १.६ आवृत्तीत दिलेली 'बिल्ड.एसएच' स्क्रिप्ट रीड-ओन्ली सोर्सवरून, तीही दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर बसून बांधणी करू देते. लिनक्स कर्नलही वेगळ्या फोल्डरमध्ये बांधता येतो. पण आधी कधी सोर्समध्येच बांधणी केली असेल, तर तो 'आधी झाड साफ करा' म्हणून अडून बसतो. मला हा हट्ट रास्त वाटतो.

फ्रीबीएसडीत तर कंपाइलही एकदाच करता येतं. एक दणकट मशीन सगळं बांधतं. बाकीची मशीनं सोर्स आणि ओबीजे दोन्ही माउंट करून नुसतं इन्स्टॉल करतात. अट एकच, पण चिवट: मार्ग सगळीकडे तोच हवा. ओबीजेमधलं ठिकाण सोर्सच्या खऱ्या पत्त्यावरून ठरतं. एखाद्या मशीनवर '/यूएसआर/एसआरसी' ही दुसरीकडे नेणारी लिंक असेल, तर इन्स्टॉलर भलत्याच फोल्डरमध्ये शोधतो आणि काहीच बांधलेलं नाही म्हणतो.

माझी खरी दमछाक झाली ती घड्याळापायी. काय पुन्हा कंपाइल करायचं हे ठरवतो 'मेक' हा प्रोग्राम. स्टुअर्ट फेल्डमनने तो १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. तो फायलींच्या वेळा बघतो: ऑब्जेक्टपेक्षा सोर्स नवा असेल तरच हात लावतो. आता सोर्सवर शिक्का सर्व्हरच्या घड्याळाचा, ऑब्जेक्टवर आपल्या. आमच्या लॅबचा सर्व्हर दहा मिनिटं मागे होता. अकराला मी कंपाइल केलं आणि अकरा पाचला सर्व्हरवर एक ओळ दुरुस्त केली. फाइलवर वेळ पडली दहा पंचावन्न. मेकच्या हिशेबी सोर्स जुनाच, म्हणून त्याने काहीच केलं नाही. दुपारभर मी दुरुस्त केलेल्या ओळीतली चूक शोधत होतो. ती ओळ मशीनपर्यंत पोचलीच नव्हती. शेवटी दोन्हीकडे घड्याळं जुळवणारं एनटीपी सुरू केलं, फाइल एकदा 'टच' केली, म्हणजे तिच्यावर ताजी वेळ टाकली, आणि मेक निमूटपणे कामाला लागला.