सोयूझ आणि प्रोग्रेस, क्रू ड्रॅगन आणि कार्गो ड्रॅगन: दिसायला जुळी, कामाला वेगळी

१५ डिसेंबर २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ या अंतराळवीरांच्या यानातून शीतक, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, बाहेर उडू लागला. दोन महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०२३ ला, शेजारच्या प्रोग्रेस एमएस-२१ या मालवाहू यानातूनही शीतक गळालं. दोन्ही यानं रशियाची, वजन सात टनांच्या आसपास, मागचा इंजिनाचा भाग जवळपास एकाच नमुन्याचा. प्रोग्रेसचा निकाल आठवड्यात लागला. १८ फेब्रुवारीला ते स्थानकापासून सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी प्रशांत महासागरावर जळू दिलं. सोयूझच्या गळतीनं मात्र तीन माणसांचं वर्षाचं वेळापत्रक बदललं. २४ फेब्रुवारीला एमएस-२३ हे नवं सोयूझ रिकामं वर पाठवावं लागलं, गळकं यान २८ मार्चला माणसांविना कझाकस्तानात उतरवलं, आणि त्यातून गेलेले प्रोकोपियेव, पेतेलिन व रुबिओ हे तिघं अंतराळवीर थेट २७ सप्टेंबरला परतले. सहा महिन्यांसाठी गेलेल्या फ्रँक रुबिओंचा मुक्काम ३७१ दिवसांचा झाला.

बिघाड तोच, परिणाम वेगळे. मालवाहू यानाला फक्त पोहोचायचं असतं. अंतराळवीरांच्या यानाला परत आणायचं असतं, तेही ठरलेल्या दिवशीच नव्हे तर वेळ येईल त्या क्षणी. या दोन यानांमधला बाकीचा सगळा फरक इथून निघतो.

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या शाळांतली मुलंसुद्धा स्थानकाच्या बातम्या लक्ष देऊन वाचतात. पण बातमीत नुसतं ‘यान पोहोचलं’ असं असतं आणि गोंधळ तिथेच होतो. भुसावळ जंक्शनवर वाढलेल्या माणसाला यातलं अर्धं आधीच माहीत असतं: रूळ तेच, इंजिनही कधी तेच, पण मागे मालडबे आहेत की प्रवासी डबे, यावरून ब्रेक, दारं, तपासणी सगळं बदलतं. सोयूझ आणि प्रोग्रेस दोन्ही कझाकस्तानातल्या बैकानूरहून सोयूझ याच नावाच्या रॉकेटवर निघतात. अमेरिकेची क्रू (माणसांचं) ड्रॅगन आणि कार्गो (मालवाहू) ड्रॅगन दोन्ही फाल्कन-९ या रॉकेटवर.

आधी रशियन जोडी उघडून पाहू. सोयूझचे तीन भाग. पुढे गोलसर कक्ष, मध्ये घंटेच्या आकाराची परतीची कुपी, मागे इंजिन, इंधन आणि सौरपंखे असलेला भाग. परत येते ती फक्त मधली कुपी, कारण उष्णतारोधक ढाल तिलाच असते. साधारण पावणेअकरा किलोमीटर उंचीवर पॅराशूट उघडायला सुरुवात होते आणि जमीन जेमतेम ८० सेंटिमीटर राहिली की तळाची छोटी रॉकेट पेटून धक्का कमी करतात. प्रत्येकाच्या आसनाचं अस्तर त्याच्या अंगाच्या मापानं घडवलेलं असतं. ते नीट बसलं नाही तर उतरतानाचा मार पाठीच्या कण्यावर येतो. एमएस-२२ गळाल्यावर रुबिओंचं अस्तर उचलून तात्पुरतं ड्रॅगनमध्ये नेलं, ते याचसाठी.

प्रोग्रेसमध्ये ही मधली कुपीच नाही. तिच्या जागी इंधनाच्या टाक्या आहेत, आणि त्या मुद्दाम हवा नसलेल्या भागात ठेवल्या आहेत. हे इंधन अत्यंत विषारी असतं, गळलं तर ते बाहेर पोकळीत जावं, माणसांच्या हवेत नाही. स्थानकाच्या टाक्यांकडे इंधन नेणाऱ्या नळ्याही मालाच्या कक्षातून न जाता त्याच्या बाहेरून जोडणीच्या कड्यापर्यंत जातात. पुढच्या कक्षात अन्न, कपडे, सुटे भाग, प्रयोगांचं सामान. सगळं मिळून सुमारे अडीच टन. सामान वर आलं की अंतराळवीर यादी तपासत ते उतरवतात आणि रिकामी झालेली जागा कचऱ्यानं भरत जातात. शेवटी यान कचऱ्यासह वातावरणात जळतं. पहिलं प्रोग्रेस २० जानेवारी १९७८ ला सॅल्यूट-६ या तेव्हाच्या सोव्हिएत अवकाशस्थानकाकडे गेलं. मूळ कल्पना अजून तीच आहे.

आता उड्डाणात गडबड झाली तर काय होतं ते पाहा, कारण खर्चाचा आणि काळजीचा मोठा वाटा तिथे जातो. २६ सप्टेंबर १९८३ ला बैकानूरच्या तळावर सोयूझच्या रॉकेटला उड्डाणाआधीच आग लागली. टोकावरच्या सुटका मनोऱ्यानं कुपी खेचून दूर नेली आणि काही सेकंदांत खाली स्फोट झाला. आतल्या दोघांनी गुरुत्वाच्या चौदा ते सतरा पट दाब सोसला, पण ते वाचले. त्यांतले गेन्नादी स्त्रेकालोव पुढच्याच एप्रिलमध्ये आपल्या राकेश शर्मांसोबत सोयूझ टी-११ मधून गेले. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयूझ एमएस-१० च्या रॉकेटचा एक बाजूचा बूस्टर नीट सुटला नाही. तेव्हा मनोरा आधीच टाकून दिलेला होता, म्हणून वरच्या आवरणावरच्या मोटारींनी कुपी बाजूला काढली. आतले ओव्चिनिन आणि हेग सुखरूप उतरले.

प्रोग्रेसला असं काहीच नसतं. ऑगस्ट २०११ आणि डिसेंबर २०१६ मध्ये रॉकेट बिघडलं तेव्हा मालासकट यान गेलं. ही हयगय नाही. मनोरा आणि त्याची यंत्रणा यांचं वजन मालातून वजा होतं. हरवलेला माल पुन्हा पाठवता येतो, म्हणून स्थानकावर महिनोन्‌महिन्यांचा साठा राखून ठेवलेला असतो.

जोडणीचं तंत्र दोन्हीकडे एकच: कुर्स नावाची स्वयंचलित यंत्रणा. ती चुकली तर सोयूझमध्ये बसलेला कमांडर स्वतः यान हाताळतो. प्रोग्रेसमध्ये कुणी नसतं, म्हणून स्थानकात बसलेला अंतराळवीर टोरू या दूरनियंत्रणानं कॅमेऱ्यावर पाहत ते आत आणतो. कॅमेऱ्यावरून अंतर आणि वेग ओळखणं किती कठीण आहे, हे २५ जून १९९७ ला कळलं. मीर स्थानकावर या पद्धतीची चाचणी चालू असताना प्रोग्रेस एम-३४ स्पेक्त्र कक्षावर आदळलं, कक्षाला भोक पडलं आणि तो कायमचा बंद करावा लागला.

नवी युक्तीही आधी मालवाहू यानावर तपासतात. स्थानक गाठायला दोन दिवस लागायचे ते सहा तासांवर आले, तेव्हा २०१२ मध्ये आधी प्रोग्रेस गेलं आणि २०१३ मध्ये सोयूझ. पृथ्वीभोवती दोनच फेऱ्या मारून सुमारे तीन तासांत पोहोचण्याच्या मार्गाचंही तसंच: २०१८ मध्ये प्रोग्रेस, २०२० मध्ये सोयूझ.

सर्वांत जास्त गैरसमज मुक्कामाबद्दल असतो. अंतराळवीरांना सोडून यान परत जातं, असं पुष्कळांना वाटतं. ते जात नाही. ज्या यानानं माणसं आली ते त्यांच्या मुक्कामभर तिथेच जोडलेलं राहतं, कारण आग लागली किंवा हवा गळू लागली तर त्यात बसूनच निघायचं आहे. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियानं एक जुना उपग्रह फोडला, त्याचे तुकडे कक्षेत पसरले, तेव्हा सातही जण आपापल्या सोयूझ आणि ड्रॅगनमध्ये जाऊन बसले. प्रोग्रेसकडे असा कुणी आसरा घेत नाही. पण अवकाशातल्या अशा तुकड्यांच्या वाटेतून आख्खं ४२० टनांचं स्थानक बाजूला सारायचं असेल, तर बहुधा प्रोग्रेसचंच इंजिन चालवतात. विरळ हवेच्या घर्षणानं स्थानक महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं. ते वर उचलण्याचं कामही मुख्यतः त्याचंच.

तिथे थांबणाऱ्या यानाला मुदत असते. सोयूझची सुमारे २०० दिवसांची, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे कुपीच्या छोट्या इंजिनांतलं हायड्रोजन पेरॉक्साइड, जे हळूहळू विघटित होतं. म्हणूनच पूर्वी थोड्या दिवसांसाठी आलेले पाहुणे अंतराळवीर ताजं यान वर ठेवून जुन्यातून परतत. राकेश शर्मा टी-११ मधून गेले आणि ११ एप्रिल १९८४ ला टी-१० मधून उतरले. आपल्याकडे त्यांचं उड्डाण सगळ्यांना आठवतं, यानांची ही अदलाबदल फारशी कुणी सांगत नाही.

अमेरिकन जोडीत फरक बारीक आहे, कारण कार्गो ड्रॅगनही जळत नाही, समुद्रात उतरतं. प्रयोगांचे नमुने, बिघडलेली उपकरणं असा टनावारी माल तेच खाली आणतं. तीन माणसांसह सोयूझ जेमतेम ५० किलो आणू शकतं. क्रू ड्रॅगनच्या भिंतीत आठ सुपरड्रॅको सुटका इंजिनं, चार आसनं, नियंत्रणाचे स्क्रीन आणि श्वसनाची पूर्ण व्यवस्था असते. कार्गोमध्ये ही इंजिनं आणि आसनं नसतात, त्या जागी माल. छायाचित्रात ओळखायचं तर खिडक्या पाहा: क्रूला असतात, कार्गोला नाहीत. खालच्या नळकांड्यावर क्रूला चार पंख, कार्गोला दोन. सुटकेच्या वेळी कुपी सरळ राहावी म्हणून ते चार लागतात. २८ जून २०१५ ला जुन्या पिढीचं मालवाहू ड्रॅगन नेणारं फाल्कन-९ फुटलं, कुपी मात्र त्यातून बचावली होती. तरी ती समुद्रावर आपटून गेली, कारण चढताना पॅराशूट उघडण्याची आज्ञा तिच्या संगणकात लिहिलेलीच नव्हती. नंतरच्या मालवाहू कुप्यांत ती घातली.

सिग्नस हे आणखी एक अमेरिकन मालवाहू यान स्वतः जोडलं जात नाही. ते स्थानकाखाली दहा-बारा मीटरवर थांबतं, यांत्रिक हात त्याला पकडतो आणि दाराशी लावतो. हे दार चौकोनी, सुमारे १२७ सेंटिमीटरचं. ड्रॅगन आणि सोयूझ ज्या गोल दाराला लागतात ते ८० सेंटिमीटरच्या आसपास. मोठी कपाटं त्या गोल दारातून जात नाहीत. मग माणसांचं यानही मोठ्या दाराला का लावत नाहीत? कारण पळायची वेळ आली तर यांत्रिक हात चालवायला आत कुणी थांबू शकत नाही. ऑक्टोबर २०२० मधल्या सिग्नसला कल्पना चावलांचं नाव दिलं होतं आणि त्यातून स्थानकासाठी नवं शौचालय गेलं.

चीनच्या तियानगोंग स्थानकावर उलटं चित्र दिसतं: तियानझोउ हे मालवाहू यान माणसांच्या शेनझोउपेक्षा बरंच मोठं आहे.

आणखी एक गफलत टाळायला हवी. माणसाविना उडालं म्हणजे ते मालवाहू, असं नाही. एमएस-२३ रिकामं गेलं तरी ते अंतराळवीरांचंच यान होतं, आसनांच्या जागी सुमारे ४३० किलो सामान बांधलेलं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना जून २०२४ मध्ये घेऊन गेलेलं स्टारलायनर हेलियमची गळती आणि थ्रस्टरच्या, म्हणजे छोट्या इंजिनांच्या, बिघाडामुळे ७ सप्टेंबरला रिकामं उतरलं, आणि ते दोघं १८ मार्च २०२५ ला ड्रॅगनमधून आले. आपल्या गगनयानाचंही असंच आहे: पहिली उड्डाणं माणसाविना, पण यान माणसांचं. म्हणून इस्रोनं २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आधी बिघाडाच्या वेळी कुपी रॉकेटपासून सुटते की नाही तेच तपासलं.

खान्देशातून ही यानं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे आणि जळगाव २१ अंश उत्तरेला, त्यामुळे ते कधीकधी बरोबर डोक्यावरून जातं. सूर्य मावळल्यानंतर किंवा उगवण्याआधी साधारण दोन तासांत पाहायचं. नैऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे, न लुकलुकता, जास्तीत जास्त सहा मिनिटं. मध्येच विझलं तर ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. जून ते सप्टेंबर ढग आड येतात. हिवाळा आणि उन्हाळ्यातल्या गच्चीवरच्या रात्री उत्तम. अंधार हवा असेल तर तोरणमाळ, पाल, किंवा चाळीसगावजवळचं पाटणादेवी, जिथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ उभारल्याचा शिलालेख आहे.

जोडलेलं यान वेगळं दिसत नाही. जोडणीच्या आदल्या संध्याकाळी किंवा सुटल्याच्या दिवशी त्याच रेषेत पुढे-मागे एक मंद ठिपका दिसू शकतो. तीन तासांत पोहोचणारी सोयूझ अशी सापडणं कठीण. शुक्लांच्या ‘ग्रेस’सारखं २८ तास घेणारं ड्रॅगन किंवा त्याहून सावकाश जाणारं सिग्नस सापडण्याची शक्यता जास्त. त्या ठिपक्यात माणसं आहेत की माल, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी त्या दिवसाच्या यानाचं नाव आधी पाहून ठेवा.