आधी बोट रिकामी, मग माणूस

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर सकाळी वारा नसतो, पाणी अगदी निवांत असतं. कोकणातल्या समुद्रात उतरण्याआधी आम्ही आठ जण तिथे सी-कयाकच्या, म्हणजे समुद्रात वल्हवायच्या लांब, अरुंद बोटीच्या बचावाचा सराव करत होतो. एकाने मुद्दाम बोट उलटवली. मी धावत पोहोचलो आणि त्याला दंडाला धरून वर ओढू लागलो. प्रशिक्षक ताई लांबूनच ओरडल्या, “अरे, आधी बोट रिकामी कर!”

माणूस पाण्यात असताना बोटीकडे बघायचं, हे चटकन पटत नाही. पण लाइफ जॅकेट घातलेला माणूस तरंगत असतो. त्याने फक्त बोट सोडायची नाही. खरी अडचण बोटीत शिरलेल्या पाण्याची असते. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, आणि वजनापेक्षाही त्याचं हलणं वाईट. परातीत पाणी घेऊन चार पावलं चालून बघा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. पाणी भरलेल्या कयाकमध्ये माणूस बसवला, तर तो पुन्हा उलटणारच.

म्हणून बचाव करणारा आपली बोट उलट्या बोटीला काटकोनात लावतो आणि तिचं पुढचं टोक उचलून आपल्या बोटीवर ओढून घेतो. सी-कयाकमध्ये बसायच्या जागेमागे एक आडवी, पाणबंद भिंत असते. टोक वर गेलं की पाणी त्या भिंतीकडे घरंगळतं आणि पालथ्या कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या जागेच्या तोंडातून भळाभळा खाली पडतं. तो आवाज थांबला की बोट सुलटी करायची. मला हे तिसऱ्या वेळी जमलं, आणि ताकद जवळजवळ लागलीच नाही.

मग दोन्ही बोटी एकमेकींना चिकटवून धरायच्या. इथलं गणित मला फार आवडतं. पाण्यावर टेकलेल्या रुंदीमुळे तोलाला जो आधार मिळतो, तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे रुंदी दुप्पट, तर आधार ढोबळमानाने आठपट. कोकणातली होडी उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, लावून जे साधते, तेच इथे दोन कयाक मिळून साधतात. पाण्यातला माणूस पोटावर सरपटत वर येतो, तरी जोडी फारशी डगमगत नाही.

थकलेल्याला ओढून न्यायचं, तर दोर लागतो. तरंगणारा, साधारण 15 मीटरचा. एवढा लांब कशाला? खोल समुद्रात दर 3 सेकंदांनी येणाऱ्या लाटांच्या दोन माथ्यांत सुमारे 14 मीटर अंतर असतं. दोर आखूड असेल, तर मागची बोट लाटेवरून घसरत थेट ओढणाऱ्याच्या पाठीवर येऊ शकते.

ओढताना घाई मात्र करू नये. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट करायला चौपट जोर लागतो, आणि तो दुप्पट वेगाने लावायचा असल्याने शक्ती आठपट लागते. याचीच चांगली बाजू अशी, की वारा नसेल तर तेवढ्याच शक्तीत दोन सारख्या बोटी एकटीच्या जवळपास 80 टक्के वेगाने जातात. हे कळल्यावर माझं वल्हं आपोआप संथ झालं.

दोर कमरेच्या पट्ट्याला असतो आणि पट्टा एका झटक्यात सुटलाच पाहिजे. दोर कुठे अडकला, तर ओढणाराच उलटतो. ताईंनी आम्हाला डोळे मिटून, ओल्या हातांनी तो पट्टा सोडायला लावला. दहादा सोडला, दहादा बांधला. उन्हं चढली, वारा सुटला, तरी आमचं तेच चाललं होतं.