डुकरांना फ्लू दिला कोणी?

१९१८ च्या शरदात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डुकरं एकाएकी आजारी पडू लागली. ताप, खोकला, नाका-डोळ्यांतून पाणी. हाकललं तरी जागची उठेनात. त्याच आठवड्यांत घराघरांत माणसंही इन्फ्लुएंझाने अंथरूण धरून होती. घरात साथ शिरली की पाठोपाठ डुकरं आजारी पडतात, कधी आधी डुकरं आणि मग घरची माणसं, हे जे. एस. कोएन या सरकारी पशुवैद्याने पाहिलं आणि या आजाराला सरळ ‘फ्लू’ म्हटलं. मांसाचा बाजार पडेल या धास्तीने डुकरं पाळणारे त्यांच्यावर चिडले. कोएन मात्र आपल्या निदानावर ठाम राहिले, आणि मला त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

पुरावा हळूहळू जमला. रिचर्ड शोप या अमेरिकी संशोधकाने डुकरांमधला विषाणू वेगळा केल्याचं १९३१ मध्ये जाहीर केलं. माणसाचा फ्लूचा विषाणू लंडनमध्ये १९३३ साली हाती आला. पुढे मोठ्या माणसांच्या रक्तात डुकरांच्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली, लहान मुलांच्या रक्तात मात्र जवळजवळ नव्हती. म्हणजे मोठ्यांनी तो किंवा त्याचा सख्खा भाऊ आधी अंगावर काढला होता. १९१८ मध्ये तो माणसाकडून डुकरांकडे गेला असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

तरीही बोट कायम जनावराकडेच राहिलं. २००९ च्या साथीला ‘स्वाइन फ्लू’ नाव पडलं. विषाणूची जनुकं डुकरांमधल्या विषाणूंतून आलेली होती, हे खरं. पण जगभर तो पसरला माणसामाणसांतून. इजिप्तमध्ये एकाही डुकरात तो सापडलेला नसताना सुमारे तीन लाख डुकरं मारायचा हुकूम निघाला. उलट नॉर्वेतल्या डुकरांना तोवर फ्लू माहीतच नव्हता. ऑक्टोबर २००९ मध्ये तो तिथे पोहोचला तो माणसांकडून. चिलीत टर्की पक्ष्यांनाही लागण झाली. डुकराच्या श्वसनमार्गात माणसाचे आणि पक्ष्यांचे, दोन्हींचे फ्लू विषाणू शिरू शकतात. ते एकाच पेशीत भेटले की जनुकांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. म्हणून आपण दिलेला ताप डुकरापाशी थांबेलच असं नाही.

कोविडमध्ये हेच मिंकच्या, म्हणजे मऊ केसाळ कातड्यासाठी फार्मवर पाळल्या जाणाऱ्या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याच्या बाबतीत घडलं. एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या फार्मवर मिंक आजारी पडले, आणि तिथून विषाणू पुन्हा कामगारांकडे आला. नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कने देशातले सगळे, दीड कोटीहून जास्त मिंक मारायचं ठरवलं. त्यासाठी कायद्याचा आधारच नव्हता हे उघड झालं आणि कृषिमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

फार्मच्या दारात बूट बुडवायला जंतुनाशकाचं पाणी असतं, गाड्यांची चाकं धुतली जातात. पण माणसाच्या श्वासातून आत शिरणारा फ्लू त्याने अडत नाही. पिलांना हाताळणारा कामगार नाक ओढत आला, तर त्याला मास्क आणि फ्लूची लस मिळायला हवी, आणि घरी थांबल्यास त्याची मजुरीही बुडू नये.